सगळे खापर आगीवर

अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्याच्या जुन्या इतिहासावर काम करणाऱ्यांत ‘जळालेल्या काउंटी’ असा एक शब्दप्रयोग रूढ आहे. ज्या काउंटीच्या कोर्टाचे दफ्तर कधीकाळी आगीत सापडले ती जळालेली. हॅनोव्हर जळालेली, जेम्स सिटी जळालेली, ग्लॉस्टर जळालेली, बकिंगहॅम जळालेली. एकदा हा शिक्का बसला की पुढचा माणूस त्या वाटेला जात नाही. आपली वंशावळ शोधणारा हौशी माणूस तिथे हात टेकतो आणि अभ्यासकही शेजारची ‘न जळालेली’ काउंटी पसंत करतो. आयर्लंडमध्ये याच समजुतीला एका सालाचे नाव आहे, १९२२. आणि आपल्याकडे? शिवकाळातले अस्सल कागद इतके थोडे का, असे विचारा. ‘रायगड पडला तेव्हा दफ्तर जळाले’ हे उत्तर तयार असते.

आग लागली हे खरेच. पण ‘आग लागली, सबब सगळे गेले’ यातला ‘सबब’ खोटा आहे. दफ्तरे आगीने जातात तशीच, आणि कित्येकदा आगीपेक्षा जास्त, सरकारी हुकमाने जातात. काही तर जात नाहीतच, नुसती न उघडता पडून राहतात आणि गेली असे आपण धरून चालतो. जी वाचतात ती बहुधा कुणाच्या शौर्याने वाचत नाहीत, कारकुनाने रोजच्या कामाचा भाग म्हणून केलेल्या नकलांमुळे वाचतात. एवढे माझे प्रतिपादन आहे.

पूर्वपक्ष मात्र पूर्ण ताकदीने मांडला पाहिजे, कारण तो लेचापेचा नाही. काउंटी आकाराने फार मोठी नसे, पण तिच्या कोर्टाचा आवाका जबर होता. महिन्यातून एकदा बसणारे हे कोर्ट निवाडे करी. त्याशिवाय रस्त्यांची डागडुजी, अनाथ पोरांचे पालक नेमणे, मद्यगृहांचे परवाने, करवसुली, मृत्युपत्रे आणि खरेदीखते हेही सारे त्याच टेबलावर चाले. मामलेदार, दुय्यम निबंधक आणि दिवाणी न्यायाधीश एकाच खोलीत बसले आहेत असे समजा. त्या खोलीतल्या वह्या गेल्या तर त्या मुलखाचे दोनशे वर्षांचे व्यवहार गेले, असे कुणाला वाटले तर त्यात चूक काय?

हॅनोव्हरचे उदाहरण तर काळजाला लागणारे आहे. तिथले विटांचे कोर्टघर अठराव्या शतकाच्या पूर्वार्धातले, आजही उभे आहे. १७६३ च्या डिसेंबरात पाद्र्यांच्या पगाराच्या दाव्यात तरुण वकील पॅट्रिक हेन्री याच घरात इंग्लंडच्या राजाच्या अधिकाराविरुद्ध बोलला आणि त्याचे नाव वसाहतभर झाले. पुढे उत्तर आणि दक्षिणेतले यादवी युद्ध पेटले. शत्रूचे सैन्य गावोगाव फिरू लागले तेव्हा पूर्वेकडच्या कित्येक काउंट्यांनी आपल्या वह्या सुरक्षित राहाव्यात म्हणून राजधानी रिचमंडला धाडल्या. ३ एप्रिल १८६५ रोजी दक्षिणेच्या फौजेने शहर सोडले. जाताना तंबाखूची कोठारे शत्रूच्या हाती लागू नयेत म्हणून पेटवली, ती आग पसरली आणि वह्या ठेवलेली कोर्टाची इमारत तीत खाक झाली. हॅनोव्हरचे कोर्टघर वाचले, त्याचे दफ्तर गेले.

डब्लिनमध्ये याहून भयंकर घडले. फोर कोर्ट्‌स या न्यायालयीन संकुलात आयर्लंडचा सार्वजनिक दफ्तरखाना होता. एप्रिल १९२२ मध्ये ब्रिटनशी झालेल्या तहाला विरोध करणाऱ्या सैनिकांनी ते संकुल ताब्यात घेतले. २८ जूनला नव्या सरकारच्या फौजेने ब्रिटिशांकडून घेतलेल्या तोफांनी मारा सुरू केला आणि ३० जूनला प्रचंड स्फोट होऊन सात शतकांचे कागद उधळले. अर्धवट जळालेले तुकडे शहरभर उडत होते, लोक ते अंगणातून वेचत होते. स्फोट तोफगोळ्याने झाला की आत पेरलेल्या सुरुंगाने, यावर दोन्ही पक्ष आजवर भांडतात. हा झाला पूर्वपक्ष. याहून बळकट तो मला मांडता येत नाही.

आता उत्तर.

हॅनोव्हरच्या वहीत होते काय? खरेदीखतांची वही म्हणजे मूळ खरेदीखतांचा गठ्ठा नव्हे. जमीन घेणारा आपला दस्त कोर्टात आणी, क्लार्क तो शब्दन्‌शब्द वहीत उतरवून घेई आणि मूळ कागद मालकाला परत देई. म्हणजे रिचमंडला जळाली ती नक्कल होती. अस्सल कागद शेतकऱ्याच्या घरी पेटीत होता. आगीनंतर अशा घरांतून दस्त पुन्हा कोर्टात आले आणि नव्या वहीत नव्याने नोंदले गेले. सगळे आले नाहीत, पण ‘सगळे गेले’ हे विधान खोटे ठरवायला सगळे यावे लागत नाहीत.

मग कर. १७८२ पासून व्हर्जिनियात जमिनीची आणि जंगम मालमत्तेची करयादी दरसाल होऊ लागली आणि तिची एक प्रत राज्याच्या हिशेबतपासनिसाकडे जाऊ लागली. कर बुडू नये एवढाच त्यामागचा हेतू. त्या यादीत कुळाचे नाव, घोडे, गुरे आणि हो, गुलाम माणसेही मोजलेली असत. काउंटीची प्रत जळाली तरी राज्याची राहिली. ओळीने वीस वर्षांच्या याद्या लावून बसलात तर कोण वयात आला, कोणाचा बाप वारला, कोणाची विधवा शेत सांभाळू लागली, हे कुणी न सांगता कळते. वहीच्या जागी ही यादी अपुरी आहे, हे खरे. पण जळालेली म्हणून सोडून दिलेल्या काउंटीत दरसालची शिरगणती बसलेली असेल तर त्या काउंटीला जळालेली म्हणायचे कोणत्या तोंडाने?

तिसरी वाट शेजारच्या कोर्टाची. वारसा, वाटणी, कर्ज, भागीदारी असल्या किचकट भानगडी ‘चॅन्सरी’ नावाच्या बाजूकडे जात. तिथे नुसता कायदा न पाहता न्यायबुद्धीने निवाडा होई आणि म्हणून पुराव्याचे कागद ढिगाने दाखल होत. हॅनोव्हरच्या माणसाची बहीण पलीकडच्या काउंटीत नांदत असेल आणि तिच्या मुलांनी वाटणीचा दावा लावला असेल, तर आजोबाच्या मृत्युपत्राची सत्यप्रत त्या दाव्यात जोडलेली सापडते. मृत्युपत्राची वही जळाली, सत्यप्रत पलीकडे सुखरूप. रिचमंडच्या ‘लायब्ररी ऑफ व्हर्जिनिया’ने अशाच नकला हुडकून जळालेल्या काउंट्यांसाठी वेगळा संग्रह उभा केला आहे. भांडखोर नातेवाईक इतिहासाच्या इतके कामी येतील, असे त्या काळी त्यांच्या शेजाऱ्यांना वाटले नसेल.

शिकागोची गोष्ट याच जातीची, पण तिच्यात पैसा मोठा होता. ऑक्टोबर १८७१ च्या आगीत कुक काउंटीचे सगळे जमीन-दफ्तर भस्म झाले. शहरातल्या कोट्यवधींच्या मालमत्तेला कागदी आधार उरला नाही. मात्र जमिनीच्या हक्काचे उतारे काढून देणाऱ्या खासगी पेढ्यांनी आपापल्या वह्या धुरातून गाड्यांत घालून बाहेर काढल्या होत्या. एप्रिल १८७२ मध्ये इलिनॉयच्या विधिमंडळाने जळालेल्या दफ्तरांचा कायदा करून त्या खासगी वह्यांना पुराव्याचा दर्जा दिला. सरकारने जपलेले गेले, दलालांनी धंद्यासाठी उतरवलेले टिकले. शिकागोच्या जमिनींचे हक्क पुढे त्यावर उभे राहिले.

इथे कुणी म्हणेल, हे झाले जमिनीचे. डब्लिनला काय? तिथे तर एकच प्रत होती.

म्हणून आयर्लंडच्या जनगणनेकडे नीट पाहू. १८२१ पासून दर दहा वर्षांनी गणना झाली. १८२१, १८३१, १८४१ आणि १८५१ या चार गणनांची पत्रके १९२२ च्या स्फोटात गेली, थोडे अवशेष उरले. आयरिश मूळ शोधणाऱ्या कुणालाही विचारा, तो सांगेल की एकोणिसाव्या शतकातली जनगणना बावीस साली जळाली. पण मग १८६१ ची कुठे आहे? १८७१ ची? ती दोन्ही गणना उरकल्यावर लवकरच सरकारी हुकमाने नष्ट करण्यात आली. आणि १८८१ व १८९१ ची? ती पहिल्या महायुद्धाच्या काळात लगद्यासाठी गेली. म्हणजे त्या शतकातल्या आठ गणनांपैकी चार आगीने नेल्या आणि चार कचेरीने. निम्मे पाप कचेरीचे, बदनामी मात्र सगळी तोफांची. १९०१ आणि १९११ च्या गणना शाबूत आहेत, कारण त्या फोर कोर्ट्‌समध्ये पोचल्याच नव्हत्या.

जळालेल्या चारांपैकी दोन गणनांची तर एक खिडकी उघडी राहिली आणि तिची हकीकत मला फार आवडते. १९०८ साली वृद्धांना पेन्शन देण्याचा कायदा झाला. १ जानेवारी १९०९ पासून सत्तरी ओलांडलेल्या गरिबाला आठवड्याला पाच शिलिंग मिळू लागले. पण सत्तर वर्षांचा असल्याचा दाखला आणायचा कुठून? आयर्लंडमध्ये जन्मांची सर्वसाधारण सरकारी नोंद १८६४ साली सुरू झाली, त्यामुळे १९०९ साली सत्तरी गाठलेल्या एकाही म्हाताऱ्याकडे जन्मदाखला असणे शक्य नव्हते. तेव्हा अर्ज असे येऊ लागले: माझ्या आईबापांची नावे ही, १८४१ किंवा १८५१ साली आम्ही अमुक गावी राहत होतो, त्या गणनेत मी किती वर्षांचा लिहिला आहे ते पाहावे. दफ्तरखान्यातला कारकून ती जुनी पत्रके काढी, घर शोधी आणि अर्जाच्या फॉर्मवर त्या घरातली माणसे व वये टिपून ठेवी. सापडले नाही तर ‘सापडले नाही’ असे लिही. पत्रके १९२२ ला गेली. हे फॉर्म राहिले आणि आज ते आयर्लंडच्या राष्ट्रीय अभिलेखागारात पाहता येतात. पाच शिलिंगांसाठी केलेल्या अर्जांनी आयर्लंडच्या महादुष्काळाच्या आगेमागची घरेच्या घरे वाचवली.

खालच्या कोर्टांचेही तसेच. गावोगावच्या ‘पेटी सेशन्स’ कोर्टांत दारू पिऊन दंगा, मोकाट गुरे, शेजाऱ्याची कुरापत असले खटले चालत. त्यांच्या वह्या स्थानिक क्लार्काकडेच असल्याने हजारोंनी टिकल्या. त्याच क्लार्काकडे १८६५ च्या कायद्यानुसार कुत्र्यांचे परवाने देण्याचे काम होते: दर कुत्र्यामागे दोन शिलिंग आणि वर सहा पेन्स. परवान्याच्या वहीत मालकाचे नाव, गाव, कुत्रा की कुत्री, रंग, जात हे सारे नोंदलेले. सरकारने १८७१ ची माणसांची गणना नष्ट केली, पण त्या सालची कुत्र्यांची नोंद जपून ठेवली. त्या वह्यांत कुत्र्यामागे मालक उभा असतो, त्यामुळे आज वंशावळ शोधणारे लोक काळ्या-पांढऱ्या मेंढपाळ कुत्र्याच्या आधारे आपला पणजोबा कोणत्या गावी होता ते ठरवतात.

चोरी आणि लूटमारीनेही दफ्तरे वाचवली आहेत, हे सांगताना नीतिवादी मंडळींची आधीच माफी मागतो. १६५० च्या दशकात विल्यम पेटीने आयर्लंडची जमीन मोजून काढलेले ‘डाउन सर्व्हे’चे नकाशे काही १७११ च्या आगीत आणि उरलेले १९२२ ला गेले. त्यांतला बॅरोनीवार, म्हणजे परगणेवार, नकाशांचा एक संच मात्र १७०७ साली समुद्रात फ्रेंचांनी पकडला होता. तो पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात पोचला आणि आजही तिथेच आहे. व्हर्जिनियात मार्था वॉशिंग्टनचे मृत्युपत्र यादवी युद्धात फेअरफॅक्सच्या कोर्टातून एका अधिकाऱ्याने उचलले. ते जे. पी. मॉर्गनच्या संग्रहात निघाले. राज्याने थेट सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली तेव्हा १९१५ साली ते परत आले. तोवर त्याचे काय झाले असेल, याचे उत्तर कुणीही डोळे मिटून ‘जळाले’ असेच दिले असते.

तर मग विनाशाचे खरे कारण काय? हॅनोव्हरच्या वह्या रिचमंडला नेल्या नसत्या तर वाचल्या असत्या. आयर्लंडच्या प्रॉटेस्टंट चर्चच्या ज्या पाद्र्यांनी बाप्तिस्म्याच्या वह्या डब्लिनला पाठवल्या त्यांच्या गेल्या, ज्यांनी जवळ ठेवल्या त्यांच्या राहिल्या. एकच प्रत, एकाच छपराखाली, तीही सुरक्षिततेच्या नावाने. हा निर्णय माणसे करतात. काडी नंतर कुणीही ओढो.

आणि हुकमाने होणाऱ्या नाशाचे याहून ठळक उदाहरण हवे असेल तर वॉशिंग्टनला चला. अमेरिकेची १८९० ची जनगणना १९२१ साली जळाली, असे वंशावळीच्या कोणत्याही पुस्तकात वाचायला मिळेल. १० जानेवारी १९२१ ला वाणिज्य खात्याच्या इमारतीच्या तळघरात आग लागली हे खरे. १८९० ची पत्रके तिजोरीच्या खोलीबाहेर लाकडी फळ्यांवर रचलेली होती. आधीच्या गणनांच्या प्रती स्थानिक कचेऱ्यांत ठेवण्याची सक्ती असे, ती या वेळी उठवलेली होती. सुमारे चौथा हिस्सा जळाला, उरलेल्यांपैकी निम्म्याला धुराने आणि बंबांच्या पाण्याने इजा झाली. हिशेब करा: तरीही पुष्कळ कागद उरले होते. ते पडून राहिले. डिसेंबर १९३२ मध्ये जनगणना खात्याने निरुपयोगी कागदांची यादी काढली, तीत हे कागद घातले. काँग्रेसच्या ग्रंथपालाने कशालाही हरकत घेतली नाही. २१ फेब्रुवारी १९३३ ला काँग्रेसने नष्ट करण्यास मंजुरी दिली. आदल्याच दिवशी राष्ट्राध्यक्ष हूव्हर यांनी राष्ट्रीय अभिलेखागाराच्या इमारतीची कोनशिला बसवली होती. सहा कोटींहून अधिक माणसांच्या त्या गणनेतली आज सुमारे सहा हजार नावे उरली आहेत. बाकीच्यांच्या नाशाची मंजुरी मिळाली तेव्हा, ज्या आगीवर त्याचे खापर फुटते तिला बारा वर्षे उलटून गेली होती.

दफ्तर निकाली काढूच नये असे मी म्हणत नाही. कुठलीही कचेरी प्रत्येक चिठोरे ठेवू शकत नाही. आपल्याकडेही सरकारी कागदांची अ, ब, क, ड अशी वर्गवारी असते आणि ड वर्गातले कागद मुदत संपली की जातात, जायलाच हवेत. तक्रार एवढीच की निकाली काढल्याची नोंद कुणी वाचत नाही. ती नोंद नीरस असते. ज्वाळांचे चित्र काढता येते, यादीवर केलेल्या सहीचे काढता येत नाही.

आता तिसऱ्या प्रकारच्या नाशाकडे येतो, जिथे ना आग आहे ना हुकूम. मिसूरीतल्या सेंट लुईस शहराच्या सर्किट कोर्टातला एक खटला जगाला ठाऊक होता. ६ एप्रिल १८४६ रोजी ड्रेड स्कॉट आणि त्याची बायको हॅरिएट यांनी गुलामीतून सुटकेसाठी अर्ज केले. ते प्रकरण चढत चढत सर्वोच्च न्यायालयात गेले आणि ६ मार्च १८५७ च्या कुप्रसिद्ध निकालाने देश यादवीच्या आणखी जवळ ढकलला गेला. इतिहासाने हा एकटा माणूस उचलला. त्याच कोर्टाच्या कोठीत मात्र दगडी कोळशाच्या काजळीने माखलेले गठ्ठे शतकभर पडून होते. १९९० च्या दशकात ते साफ करून लावायला घेतले तेव्हा १८१४ ते १८६० या काळात सुटकेसाठी लावलेले तीनशेहून अधिक दावे त्यांत निघाले.

असा एक दावा हातात घेतला तर कागद तीन घड्या घालून बांधलेला असतो. पाठीवर वादी-प्रतिवादीची नावे आणि कोर्टाच्या बैठकीचा महिना. आत पहिल्या पानावर अर्ज, तळाशी वादीची फुली, कारण लिहिता येत नाही. मग समन्स, त्यावर शेरिफचा शेरा. दाव्याचे रूप चमत्कारिक: मला मारहाण केली, बेकायदा डांबून ठेवले, नुकसानभरपाई द्या. स्वातंत्र्य द्या असे थेट मागायचे नाही. मी स्वतंत्र माणूस आहे, म्हणून मला डांबणे हा गुन्हा आहे, असे म्हणायचे आणि प्रतिवादीने ‘ही माझी मालमत्ता आहे’ असे उत्तर दिले की खरा प्रश्न पटलावर येतो. अशाच एका दाव्यात विनी नावाच्या बाईने व्हाइटसाइड्‌स कुटुंबाविरुद्ध १८२४ साली राज्याच्या वरिष्ठ न्यायालयात निकाल मिळवला: मालकाने वस्तीसाठी मुक्त प्रदेशात नेलेला गुलाम मुक्त झाला, आणि एकदा मुक्त तो कायमचा मुक्त. पुढची पंचवीस-तीस वर्षे कित्येकांनी त्या निकालाचे बोट धरले. पॉली नावाच्या बाईने १८४३ साली स्वतःला सोडवले आणि ती आपल्या ल्यूसी या मुलीसाठीही लढली. ल्यूसी निकाल लागेपर्यंत सतरा महिने तुरुंगात होती. १८४४ मध्ये ती सुटली. तिचा वकील एडवर्ड बेट्‌स पुढे लिंकनच्या मंत्रिमंडळात महान्यायवादी झाला. ल्यूसीने १८९१ च्या सुमारास आत्मकथा लिहिली. तिच्या शब्दांना कोर्टाच्या कागदांचा दुजोरा मात्र इतक्या उशिरा मिळाला. या दफ्तराला कुणी काडी लावली नव्हती. नुसती गाठ सोडली नव्हती.

यातून पूर्वपक्षाची दुसरी, न बोललेली बाजूही ढासळते. ‘जळाले तिथे काही उरले नाही’ म्हणणारा मनात असेही धरून असतो की जिथे जळाले नाही तिथले आपल्याला ठाऊक आहे. व्हर्जिनियाच्याच किनाऱ्यावरच्या नॉर्दॅम्प्टन काउंटीत कोर्टाच्या वह्या १६३२ पासून सलग आहेत. सबंध अमेरिकेत इतक्या जुन्या अखंड काउंटी-वह्या दुसऱ्या नाहीत. त्यांत अँथनी जॉन्सन भेटतो, आफ्रिकेतून आणलेला, पुढे स्वतंत्र होऊन अडीचशे एकरांचा धनी झालेला. १६५३ साली त्याच्या शेतीवाडीला आग लागली तेव्हा कोर्टाने त्याची बायको मेरी आणि दोन मुलींना करातून आयुष्यभर सूट दिली. दोनच वर्षांनी याच कोर्टात तो एका काळ्या माणसावर, जॉन केसरवर, आपला हक्क सांगताना दिसतो आणि कोर्ट तो मान्य करते. गुलामी म्हणजे गोरा मालक आणि काळा गुलाम, एवढे सोपे चित्र ज्याला हवे त्याने ही पाने वाचू नयेत. तज्ज्ञांना ही माणसे आधी ठाऊक होती, पण ब्रीन आणि इनिस या इतिहासकारांच्या १९८० च्या पुस्तकाने ती जरा मोठ्या वर्तुळात आली. वही मात्र सव्वातीनशे वर्षे उघडायला मोकळी होती.

एक आक्षेप उरतो आणि तो रास्त आहे. नक्कल ती नक्कल, अस्सलाची सर तिला नाही. अक्षर, शिक्का, कागदाची जात, समासातली खाडाखोड यांतले काहीच नकलेत येत नाही. मान्य. शिवाय काही गोष्टींची नक्कल कधी झालीच नव्हती. आयर्लंडच्या मध्ययुगीन न्यायालयांच्या गुंडाळ्या आणि मूळ मृत्युपत्रांचा फार मोठा भाग १९२२ ला कायमचा गेला आणि त्याला पर्याय नाही. पण इथेही काय गेले हे आपल्याला कळते ते हर्बर्ट वुड या दफ्तर-अधिकाऱ्याने १९१९ साली छापलेल्या मार्गदर्शिकेमुळे. कपाटागणिक काय आहे ते त्याने लिहून ठेवले होते. ट्रिनिटी कॉलेजच्या पुढाकाराने जून २०२२ मध्ये खुला झालेला ‘व्हर्च्युअल रेकॉर्ड ट्रेझरी’ हा आभासी दफ्तरखाना त्या यादीवर उभा आहे. एकेक नोंद घ्यायची आणि तिची प्रत, उतारा, गोषवारा जगात कुठे आहे ते हुडकायचे. शंभर वर्षे ‘सगळे गेले’ म्हणून बसलेल्या देशाला इतके सापडले, कारण कुणीतरी अखेर यादी हातात घेतली.

रायगडाचे म्हणाल, तर तिथे आग लागली नाही असे मी म्हणत नाही. माझा मुद्दा त्यानंतरचा आहे. सुरतेच्या इंग्रज वखारीतली पत्रे लंडनला जात आणि जहाज बुडेल या भीतीने त्यांच्या प्रती वेगवेगळ्या जहाजांतून धाडल्या जात. १६७४ च्या राज्याभिषेकाला हजर असलेल्या हेन्री ऑक्झिंडनचे निवेदन त्यामुळे आपल्याला मिळाले. पुण्याहून १९३१ साली शिवाजीविषयक इंग्रजी कागदांचा जाडजूड संग्रह निघाला तो याच साठ्यावर. गोव्यात पोर्तुगीजांचे दफ्तर १५९५ पासून आहे आणि पांडुरंग पिसुर्लेकरांनी त्यातून पोर्तुगीज-मराठे संबंधांचा अर्धा इतिहास उभा केला. राजवाड्यांनी १८९८ साली मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा पहिला खंड काढला, त्यातली पत्रे कुठल्या राजधानीत नव्हे, वाईला एका घरात मिळाली होती. ज्यांनी ‘जळाले’ हे उत्तर स्वीकारले नाही, त्यांनाच काही सापडले.

तेव्हा इतिहासात रस असलेल्या वाचकाला एक विनंती. पुढच्या वेळी कुणी अमुक दफ्तर जळाले म्हणाला, लेखात, व्याख्यानात, की गावच्या चावडीवर, तर त्याला चार गोष्टी विचारा. कोणत्या दिवशी जळाले? कोणत्या इमारतीत? त्या इमारतीत काय होते याची यादी कुठे आहे? आणि त्या कचेरीतून नक्कल कुणाकडे जात असे? जळाले हे सिद्ध करण्याची जबाबदारी तसे म्हणणाऱ्यावर आहे. चारही उत्तरे तपासून झाल्यावर जे मिळणार नाही, तेवढ्यापुरतेच ‘जळाले’ असे लिहावे.